ओवीचें मोल

2021 सालच्या पावसाळ्यांत एके दुपारीं पोस्टमननें आमच्या हातीं एक लहानसें छापील पाकीट ठेविलें. आंत ख्यालीखुशाली नव्हती, निमंत्रण नव्हतें. होता तो केवळ एक सहा अंकी आंकडा, आणि त्याखालीं सूचना अशी कीं, हा आंकडा आपल्या हिशेबाच्या पानावर अमुक जागीं भरावा, म्हणजे आपण आपणच आहां व आपला पत्ता हाच आहे याबद्दल आमची खात्री पटेल. पंचवीस-तीस वर्षें एकाच महाविद्यालयांत शिकवून, एकाच गल्लींत राहून, आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांच्या परिचयाचे होऊनहि, आपण आपणच आहों हें सिद्ध करण्याची पाळी पन्नाशी उलटल्यावर आमच्यावर यावी, याचें प्रथम आम्हांस हसूं आलें. मग आम्हीं निमूटपणें तो आंकडा भरला. कारण तो भरल्यावांचून पैसे मिळावयाचे नव्हते.

हे पैसे कसले तें सांगितलें पाहिजे. 2020 च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी लागली आणि आमचे वर्ग ओस पडले. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. फळा गेला, खडू गेला, मागल्या बांकावर डुलक्या घेणारे विद्यार्थी गेले, आणि आमच्या पुढ्यांत उरला तो पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केलेला मोबाइल. त्या निर्विकार चौकटीकडे पाहून शेलीची कविता समजावून देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनाच आमचें दुःख कळेल. समोरचा हसला कीं त्यानें जांभई दिली, कांहींच कळत नसे; आणि शिक्षकाला जांभईचाहि केवढा आधार असतो, हें आम्हांस त्या वर्षीं प्रथम उमजलें. आमचा भाचा त्या वेळीं अभियांत्रिकी शिकण्यासाठीं आमच्याकडे राहत होता. त्यानें हीं व्याख्यानें यूट्यूबवर चढविलीं व आमच्या नांवाचा एक चॅनेल उघडून दिला. शेलीवरचें व्याख्यान चार महिन्यांत जेमतेम अडीचशें जणांनीं पाहिलें. त्यांत आमचे विद्यार्थी किती आणि आमच्या घरचीं माणसें किती, याची चौकशी आम्हीं केली नाहीं.

पुढें 'बॅलड' हा काव्यप्रकार शिकविण्याची वेळ आली. कर्ता कोण तें कोणास ठाऊक नाहीं, एकाच्या मुखांतून दुसऱ्याच्या मुखांत गेलेलें, आणि जातां जातां शब्द बदलीत गेलेलें असें हें जुनें काव्य. पर्सी नांवाच्या पाद्र्यानें 1765 सालीं त्यांपैकीं पुष्कळसें गोळा करून छापलें. आमचे निम्मे विद्यार्थी सातारा-सोलापुराकडचे. त्यांना स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या लढाया सांगून काय उपयोग? म्हणून आम्हीं कपाटांतून एक जुनी कॅसेट काढली. तींत आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

ती कॅसेट 1991 सालच्या दिवाळीच्या सुटीतली. आम्ही पुण्यास एम. ए. च्या वर्गांत होतों, आणि वाङ्मयाचा नवा नवा पुळका असल्यामुळें एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन माण तालुक्यांतल्या आमच्या गांवीं गेलों होतों. गांवांत तोंवर पिठाची गिरणी येऊन बरींच वर्षें झालीं होतीं. जातें पडवींत एका कोपऱ्यास पडून असे. लग्नाची हळद दळण्यापुरतें, फार तर मेतकुटाच्या डाळीपुरतें, तें बाहेर निघे. आम्हीं आईला म्हटलें, 'ओव्या म्हण, आम्ही भरून घेतों.' ती म्हणाली, 'जात्याशिवाय म्हणूं कशी? सुचायच्या नाहींत.' जातें मांडलें. मग म्हणाली, 'रिकामं जातं फिरवूं नये.' घरांत गहू नव्हतेच. शेरभर जोंधळा काढला. खुंट्याला हात घातल्यावर ती चार वेढे तशीच मुकी फिरवीत राहिली, आणि मग कधीं गाऊं लागली तें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. अर्धा तास ती दळीत होती. त्या संध्याकाळीं त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. त्यांस थोडी कचकच लागली, कारण जात्याला टांकी लावून पुष्कळ दिवस झाले होते. पहिल्या ध्वनिमुद्रणाचें पीठ खाणारे आमच्यासारखे रसिक विरळाच असतील.

ओव्या जमविण्याची कल्पना आमची मुळींच नव्हे. साने गुरुजींनीं 1940 सालीं 'स्त्रीजीवन' छापलें. आणि हेमा राईरकर व गी पॉइटवँ या दोघांनीं पुण्यास राहून पुढें जो संग्रह केला त्यांत लाखाहून अधिक ओव्या आहेत. आमच्याजवळ होती ती तीस मिनिटांची एकच कॅसेट. त्यांपैकीं सात मिनिटांचा भाग आम्हीं व्याख्यानाच्या शेवटीं जोडला. भाच्यानें तो तोडून निराळाहि चढविला, वर आईचें छायाचित्र लाविलें, आणि मग जें घडलें त्यानें आमची चांगलीच जिरली. शेली होता तेथेंच राहिला. आईच्या ओव्या मात्र बीड, परभणी, नागपूर, एवढेंच नव्हे तर आखातांत व अमेरिकेंत नोकरीस असलेल्या मराठी माणसांच्या घरीं पोंचल्या. दोन इयत्ता शिकलेल्या बाईनें आपल्या एम. ए. झालेल्या मुलास श्रोते मिळवून दिले.

येथें या व्यवहाराची घडण थोडक्यांत सांगतों, कारण आमच्या पिढींतल्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. यूट्यूब 2005 सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं गूगलनें तें 165 कोटी डॉलरांस विकत घेतलें. आणि 2007 पासून चित्रफिती चढविणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळूं लागला. हा वांटा कोणालाहि मिळत नाहीं. 2018 पासूनचा मुख्य दंडक असा कीं, एक हजार वर्गणीदार हवेत (वर्गणी मात्र फुकट, ही त्यांतली गंमत) आणि बारा महिन्यांत लोकांनीं एकंदर चार हजार तास तुमच्या चित्रफिती पाहिलेल्या हव्यात. ही परीक्षा उतरलांत, म्हणजे लांब चित्रफितींपुढें लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नांतले शेंकडा पंचावन्न तुमचे, पंचेचाळीस मालकाचे. अर्धेलीनें जमीन कसणाऱ्या कुळापेक्षां हा वांटा थोडा बरा म्हणावयाचा. फरक इतकाच कीं, कुळास रास डोळ्यांपुढें दिसे व मापहि त्याच्यासमोर होई. येथें रास कोठें पडते आणि माप कोण घालतो तें दिसत नाहीं. शंभर डॉलर पुरे झाले म्हणजे पैसे बँकेंत येतात. आमचे पहिले शंभर डॉलर पुरे व्हावयास अकरा महिने लागले.

ते पैसे आले त्या दिवशीं आम्हीं पेढे आणले व आईच्या तसबिरीपुढें ठेवले. आमच्या मनांत कसलाहि किंतु नव्हता. हें मुद्दाम नमूद करून ठेवतों; पुढें त्याचें काम पडणार आहे.

मध्यंतरी एक लहानसा तंटा झाला. नाटकांतल्या काव्यावर बोलतांना आम्हीं खाडिलकरांच्या 'मानापमाना'तल्या एका पदाची जुनी ध्वनिमुद्रिका अर्धा मिनिट वाजविली. दोन दिवसांत निरोप आला कीं, हें मुद्रण एका कंपनीच्या मालकीचें असल्यामुळें त्या व्याख्यानाचें सर्व उत्पन्न यापुढें तिला जाईल. हें कोणी माणूस ऐकून ठरवीत नाहीं. मालकांनीं दिलेल्या मुद्रणांचे जणूं अंगठ्याचे ठसे यंत्रांत सांठविलेले असतात, आणि जुळणारा ठसा सांपडला कीं यंत्र हात धरतें. आमच्या त्या व्याख्यानाचें उत्पन्न दोन रुपयेहि नसेल. परंतु तत्त्वाचा प्रश्न म्हणून आम्हीं कायदा उघडला. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें टिकतो. ही मुद्रिका 1950 पूर्वींची. पद रचणारे खाडिलकर 1948 सालीं वारले, चाल देणारे गोविंदराव टेंबे 1955 सालीं. कर्त्याच्या मृत्यूनंतरचीं साठ वर्षेंहि केव्हांच सरून गेलीं. आम्हीं तसा आक्षेप लिहून पाठविला. उत्तर देण्यास कंपनीला तीस दिवसांची मुदत होती. तिनें उत्तर दिलें नाहीं व दावा आपोआप सुटला. त्या विजयाचा आनंद आम्हीं महिनाभर भेटेल त्यास सांगितला.

परंतु कायद्याचें पुस्तक एकदां उघडलें म्हणजे तें आपल्याला हवें त्याच पानाशीं थांबत नाहीं. त्याच कायद्यांत असें लिहिलें आहे कीं, ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. आणि निर्माता म्हणजे ज्यानें पुढाकार घेऊन जबाबदारीनें तें मुद्रण केलें तो. कायद्याच्या दृष्टीनें, म्हणजे, त्या कॅसेटचे कर्ते आम्ही! आईनें दळलें, आईनें गायिलें, तिच्या बांगड्या वाजल्या, तिचा श्वास लागला. आम्हीं दोन बोटांनीं दोन कळा दाबल्या, तेवढ्यानें आम्ही कर्ते झालों. लोकगीतांना आमच्या कायद्यांत वेगळें असें स्थान नाहीं. हें वाचून आम्हांस थोडी शरम वाटली, आणि खरें सांगावयाचें तर थोडें बरेंहि वाटलें.

2023 च्या उन्हाळ्यांत पिठाच्या पिशव्या विकणाऱ्या एका कंपनीसाठीं जाहिराती करणारा एक तरुण आमच्याकडे आला. मुलगा सालस होता. 'सर' म्हणून वांकून नमस्कार केला, चहा घेतला, आणि म्हणाला, आईंचा आवाज आम्हांला हवा आहे. वीस सेकंदांच्या जाहिरातीसाठीं एक ओवी. मोबदला दोन लाख रुपये.

जाहिरातीला गाणें कसें निवडतात तें त्यानें आम्हांस समजावून दिलें. तें ऐकून, आम्ही काव्यविचारावर इतकीं वर्षें व्याख्यानें देतों तीं किती ढिलीं आहेत हें ध्यानांत आलें. चित्रफितीच्या आधीं लागणारी जाहिरात पुष्कळदां पांच सेकंदांनंतर वगळतां येते. म्हणून गाण्यानें त्या पांच सेकंदांत पाहणाऱ्याचें बोट धरून ठेविलें पाहिजे. शब्द कळले नाहींत तरी चालेल, सूर ओळखीचा वाटला पाहिजे. फार ओळखीचा वाटला तर मात्र लोक गाणें लक्षांत ठेवतात व माल विसरतात. गाण्याच्या शेवटीं मालाचें नांव आपोआप जिभेवर यावें अशी एक मोकळी जागा त्यांत हवी. ॲरिस्टॉटलनें शोकान्तिकेसंबंधीं इतके कांटेकोर नियम घातलेले नाहींत.

गाण्यानें माल विकूं नये असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. आमच्याकडे पहांटेचा वासुदेव गाऊनच सूपभर दाणे नेई. कीर्तन रंगांत आलें कीं आरतीचें ताट फिरे. तमाशांत दौलतजादा झाली म्हणजे देणाऱ्याचें नांव भर बैठकींत पुकारलें जाई, आणि त्या नांवासाठींच पुष्कळांचे खिसे मोकळे होत. सिलोन रेडिओवर अमीन सायानी यांनीं 1952 पासून जी गीतमाला चालविली तिच्या नांवाआधीं बिनाका या दंतमंजनाचें नांव असे. त्याबद्दल कोणी कानांवर हात ठेविले नाहींत. विविधभारतीवर 1967 च्या नोव्हेंबरांत मुंबई, पुणें व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या; आमच्या पिढीला तर परवचा आधीं पाठ झाला कीं साबणाचीं गाणीं, हें सांगणें कठीण. टायटन घड्याळाच्या जाहिरातीची जी धून घरोघर माहीत आहे ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनींतली. त्यानें ती 1773 सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं रचिली. या देशांत मोझार्ट हें नांव न ऐकलेल्या लक्षावधि लोकांनीं ती गुणगुणली आहे, आणि त्यांत मोझार्टचें कांहीं गेलें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु मोझार्ट 1791 सालींच गेला. त्याला विचारावयाचें नव्हतें. जिवंत माणसांची गोष्ट निराळी. 1987 सालीं नाइकी या बूट विकणाऱ्या कंपनीनें बीटल्स मंडळींचें 1968 सालचें 'रेव्होल्यूशन' हें गाणें जाहिरातींत घातलें. गीताचे प्रकाशनहक्क त्या वेळीं मायकेल जॅक्सन यांच्याकडे होते. परवानगी रीतसर घेतली होती, पैसे मोजले होते. तरीहि बीटल्सची स्वतःची कंपनी कोर्टांत गेली. ज्याचा हक्क तो एक, आणि ज्याचा गळा तो दुसरा, असा हा पेंच आहे.

त्या तरुणानें निवडलेली ओवी ऐकविली. आमच्या पोटांत चर्र झालें. सात मिनिटांत पंधरा-सोळा ओव्या आहेत. त्यांतून नेमकी मामांची ओवी त्यानें उचलली होती. आमचे मामा मुंबईस गिरणींत होते. दर भाऊबिजेला ते येत, आणि येतांना आमच्यासाठीं चिक्की व आईसाठीं गिरणींतलें सवलतीचें लुगडें आणीत. 1982 च्या जानेवारींत संप सुरू झाला. मामांची नोकरी गेली ती गेलीच. रिकाम्या हातांनीं बहिणीच्या दारीं कसें जावें, या लाजेनें त्यांनीं येणें सोडलें, आणि तिसऱ्या वर्षीं ते तेथेंच वारले. आई त्यानंतरहि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें जगली. तिच्या ओवींत मामा वाटेवर असत. वाटेवरचें गांव बदले, ओढ्याचें नांव बदले, बरोबर कधीं घोडें असे, कधीं नुसती काठी असे. पण मामांचें तीन अक्षरी नांव ओवीच्या शेवटीं येई, आणि त्या नांवावर तिचा आवाज किंचित् लांबे.

ती लांबलेली जागाच त्या मुलाला हवी होती. 'सर, नांवाच्या जागीं आमच्या ब्रँडचें नांव बसतं. तेंहि तीन अक्षरांचं आहे. तेवढा शब्द आम्ही एका गायिकेकडून गाऊन घेऊं. आवाज असा जुळवतों कीं कळणारसुद्धां नाहीं.' शिवाय जात्याची घरघर फार आहे, ती काढून टाकूं व मागाहून स्वच्छ घरघर घालूं. चाल थोडी जलद करूं. आम्हीं छंदःशास्त्राची संवय म्हणून मनांतल्या मनांत अक्षरें मोजलीं. बसत होतीं. लघुगुरूसुद्धां तेच होते. आम्हीं त्याला सांगितलें कीं, या दळणांत गहू नव्हता, जोंधळा होता. तो म्हणाला, 'तें कुणाला कळणार, सर?' यांत त्याचें कांहीं चुकलें असें आम्हांस आजहि म्हणतां येत नाहीं.

आम्हीं नाहीं म्हटलें. त्यानें रक्कम तीन लाखांपर्यंत वाढविली. आम्हीं पुन्हां नाहीं म्हटलें, आणि तो गेल्यावर आपण कांहींतरी उदात्त केलें अशा थाटांत अंगणांत येरझारा घातल्या. रात्रीं धाकट्या बहिणीला फोन करून सर्व हकीकत सांगितली. शाबासकीची अपेक्षा होती.

ती बराच वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, 'दादा, मला विचारलं कां नाहींस?'

आमची बहीण गांवाकडेच दिली आहे. माणदेशांत पाणी कसें मिळतें हें ज्यांस माहीत आहे त्यांना पुढचें सांगावयास नको. त्या उन्हाळ्यांत त्यांच्या विहिरीनें तळ गांठला होता आणि ती आणखी खोल करण्यासाठीं नवराबायको पैशांची जुळवाजुळव करीत होतीं. हें आम्हांला माहीत नव्हतें असें नाहीं. त्या संध्याकाळीं आठवलें नाहीं, एवढेंच. आम्हीं मामांच्या नांवाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'मामा तुझेच होते का? तीं लुगडीं माझ्यासमोर नाहीं आलीं?' आम्हीं म्हटलें, आईला हें रुचलें नसतें. त्यावर ती हसली. तें हसणें अजून आमच्या कानांत आहे. 'आई हळदीच्या जात्याला जायची तेव्हां खण-नारळ घेतल्याशिवाय उठायची का? दहिवडीच्या बाजारांत तुपाचं माप कधीं उणं घेतलंन् का? तिनं फुकट कांहीं दिलं असेल तर तें तुला.' आणि मग शांतपणें, जवळजवळ मायेनें, तिनें विचारलें, 'तिच्या ओव्यांआधीं त्या साबणाच्या, गाड्यांच्या जाहिराती लागतात, त्यांचे पैसे तुला चालतात. तेव्हां नाहीं वाटलं काहीं. मग हें पीठच काय विटाळतं?'

आमच्याजवळ याचें उत्तर होतें. आम्हीं तें तिला दिलेंहि: बाहेर जाहिरात लागणें निराळें आणि ओवीच्या आंत हात घालणें निराळें, दारापुढें बाजार भरला म्हणून देवघर विकावें लागत नाहीं, वगैरे. दृष्टान्त वाईट नव्हता. पण पेढे ठेवले होते ती तसबीर समोरच होती, आणि बोलतां बोलतां आमच्याच आवाजांतला व्याख्यानाचा सूर आम्हांस ऐकूं येऊं लागला. शिवाय एक गोष्ट तिनें काढली नाहीं ती आम्हांस ठाऊक होती. त्या यूट्यूबच्या पैशांतला तिचा अर्धा वांटा आम्हीं कधींच पाठविला नव्हता. रक्कम क्षुल्लक, म्हणून. आणि कायद्यानें कर्ते आम्ही, म्हणूनहि.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला कळविलें कीं, लाखभर रुपये आमच्या ठेवींतून पाठवितों. तिनें भाच्याकरवीं उलट निरोप दिला: 'तुझे नकोत. आईचे हवे होते.' विहिरीचें काम पतसंस्थेच्या कर्जावर झालें. पाणी लागलें, थोडें लागलें. आम्हीं तेव्हांपासून ओव्यांच्या उत्पन्नाचा अर्धा भाग वर्षाच्या शेवटीं तिच्या खात्यावर भरतों, मागील बाकीसह. तो मात्र ती परत करीत नाहीं.

आम्हीं केलें तें बरोबर कीं चूक, हें आम्ही अनेकदां मनाशीं घोळविलें आहे. मामांचें नांव खोडून पिठाचें नांव घालूं द्यावयास नको होतें, याबद्दल आमचें मत बदललेलें नाहीं. पण तें ठरविण्याचा अधिकार दोघांचा होता; आणि बहिणीनें विचारांतीं होकार दिला असता तर आम्हीं काय केलें असतें, या प्रश्नाशीं आलों कीं आमचें मत पूर्वींइतकें ठाम राहत नाहीं. ज्याला पगार वेळेवर मिळतो त्याला पवित्र वस्तूंची यादी लांब करतां येते.

2024 च्या भाऊबिजेला ती आली. ओवाळणें झालें, जेवणें झालीं, आणि भाच्यानें, आतां तो नोकरीस लागला आहे, दिवाणखान्यांतल्या मोठ्या पडद्यावर आजीच्या ओव्या लाविल्या. प्रथम अर्थात् जाहिरात आली. ती पिठाची होती. कंपनी तीच. एक गोरीपान तरुणी कोऱ्या जात्याशीं बसून हसत हसत दळीत होती. नवीन रचलेली ओवी, गोड गळा, मागें स्वच्छ घरघर, आणि शेवटीं लांबविलेल्या जागेवर तें तीन अक्षरी नांव. पांच सेकंद होतांच भाच्याचें बोट वगळण्याच्या कळीकडे गेलें. 'थांब,' बहीण म्हणाली, 'राहूं दे. बघूं.' तिनें ती शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, 'ही दळतेय कीं पळतेय? एवढ्या वेगानं पीठ होतं का? भरडा होईल.' आणि थोड्या वेळानें, आमच्याकडे न पाहतां, 'दादा, याचे किती आले असतील आपल्याला?'

एकेका जाहिरातीचा हिशेब वेगळा दाखवीत नाहींत, असें आम्ही सांगूं लागलों. पण तेवढ्यांत जात्याची घरघर सुरू झाली, तेव्हां तिनें हातानें आम्हांस गप्प केलें.